कलमाच्या चाकूचं तेल

"मग चुकलं कुनाचं, बाबा? माजं तर न्हाई."

राजाक्का तकियाच्या दारात उभी राहूनच बोलत होती. बस म्हटलं तरी बसायला तयार नव्हती.

दस्तगीरबाबा काकडीच्या वेलाला सुतळीनं काठी बांधत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"किती कलमं बांधली व्हतीस?"

"नऊ."

"जगली किती?"

राजाक्कानं पदर सारखा केला.

"नऊच्या नऊ वाळली."

बाबांनी सुतळीला गाठ मारली, ओढून बघितली, आणि मग कुठं तिच्याकडं बघितलं.

ओढ्यापलीकडचा हा तकिया म्हणजे फकिराचं घर. एक जुनी कबर, एक खोली, दोन शेळ्या आणि कुंपणभर काकडीचा वेल. बाबा ऐंशीच्या पुढचे. आंब्याचं कलम बांधावं तर फकीरबाबांनीच, असं एके काळी सगळा तालुका म्हणायचा. आता हात थरथरायचा, म्हणून त्यांनी कलमं बांधायची सोडली होती. शिकवायची मात्र सोडली नव्हती.

राजाक्का त्यांच्याच हाताखाली शिकली. आणि तीन वर्षांतच आपण बाबांच्या पुढं गेलो, असं तिला वाटायला लागलं. गावातल्या दोनचार जणांनी तसं बोलूनही दाखवलं होतं. लोकांना काय, दुसऱ्याला हरभऱ्याच्या झाडावर चढवायला शिडी लागत नाही.

तिची कलमं दहात पाचसहा जगायची. जगलेली तिची, मेलेली रोपाची. असा हिशेब असला की माणूस कायम आनंदात राहतो.

पण या खेपेची गोष्ट वेगळी होती.

तिच्या माहेरी एक गावरान आंबा होता. घरात त्याला खोबऱ्या म्हणत. आईनं कळशीनं पाणी घालून वाढवलेला. आई चार वर्षांपूर्वी गेली. यंदा वैशाखात झाडावर वीज पडली आणि उभं झाड करपलं. एकच फांदी हिरवी राहिली, तीही दिवसेंदिवस सुकत चालली होती. त्या फांदीवर कलमाजोग्या होतील अशा बारा काड्या होत्या. तयार झालेल्या नऊ राजाक्कानं कापून आणल्या आणि कोयीतून उगवलेल्या रोपांवर बांधल्या.

आता तीन उरल्या होत्या. त्या गेल्या की तो आंबा जगातून गेला.

"रोपं जोमदार व्हती," राजाक्का म्हणाली. "काड्यांचे डोळे फुगलेले व्हते. पट्टी घट्ट आवळली. सावलीत ठेवली. तुमी शिकवलं तसंच केलं समदं. न्हवं, जास्तच चांगलं केलं."

"जास्त?"

"जास्त."

"बरं," बाबा म्हणाले. "चाकू बगू."

याचीच ती वाट बघत होती. कमरेच्या पिशवीतून तिनं घडीचा चाकू काढला. पाडव्याच्या जत्रेत घेतलेला, पितळी मुठीचा, नवा कोरा. बाबांपुढं धरून तिनं अंगठा नुसता टेकवला, मनगटाला हिसका दिला, आणि पातं मुठीतून सर्रकन बाहेर आलं.

दोन थेंब उडाले आणि बाबांच्या कफनीवर बसले.

बाबांनी कफनीकडं बघितलं.

"रोज तेल घालते मी," राजाक्का म्हणाली. "घरचं, करडईचं. आंब्याच्या चिकानं सांधा धरतो न्हवं? म्हनून कलम बांधायच्या आदी एकदा, आनि बांधून झाल्यावर एकदा. तुमच्या चाकूवानी ढकलावा लागत न्हाई मला."

बाबांचा चाकू आत खुंटीवरच्या पिशवीत होता. शिंगाची मूठ, काळवंडलेलं पातं, तेही झिजून निम्मं उरलेलं. राजाक्का तीन वर्षं तो बघत आली होती, आणि तीन वर्षं तिला त्याची थोडी लाज वाटत आली होती.

"काकडी खानार?" बाबांनी विचारलं.

राजाक्काच्या तळपायाची आग मस्तकात गेली. नऊ कलमं मेली, आईचा आंबा चालला, आणि म्हातारा काकडी विचारतोय.

"मी खायाला आले न्हाई."

"मला लागलीया भूक."

बाबांनी वेलावरची एक कोवळी काकडी तोडली. राजाक्काच्याच चाकूनं तिच्या दोन फोडी केल्या. एक स्वतः घेतली, एक तिच्यापुढं धरली. बाबांच्या हातचं कुणी नाकारत नसे. तिनं घेतली, चावली, आणि थांबली.

"कडू हाय?"

"न्हाई."

"मग?"

"तेलकट लागती."

बाबा आपली फोड मजेत खात होते.

"मला चालती. मला पोट हाय, जिरवीन." त्यांनी दाढी पुसली. "काडीनं काय करावं?"

राजाक्का हातातल्या फोडीकडं बघत राहिली.

तेलानंच कलमं गेली असं बाबा म्हणाले नाहीत. असं बोट दाखवून बोलायची त्यांना सवयच नव्हती. पण काडीचा ओला काप आणि रोपाचा ओला काप एकमेकांना धरतात तेव्हाच कलम जगतं, हे त्यांनीच तिला पहिल्या दिवशी सांगितलं होतं. दोघांच्या मधे तेलाचा हात फिरला, तर कोण कुणाला धरणार?

तेव्हा ती खाली बसली.

"नऊच्या नऊ, बाबा. मी सोताच्या हातानं..."

बाबांनी तिला रडू दिलं. रडण्यात कुणी ढवळाढवळ करू नये असं त्यांचं मत होतं. तेवढ्यात शेळी आली आणि राजाक्काच्या हातातली फोड ओढून खाऊन गेली.

"बग," बाबा म्हणाले. "तिलाबी चालती."

राजाक्काला रडतारडताच हसू फुटलं. नाक पुसून तिनं विचारलं, "मंग तेल घालूच नगं व्हय?"

बाबा आत गेले. आपला चाकू आणून त्यांनी तिच्या हातात दिला.

तिनं तो उघडला. पातं निघालं. अडलं नाही, उडालं नाही. मधे थांबवलं तिथं थांबलं, सोडलं तसं पुढं गेलं. आवाज काही नाही.

"ह्याला तेल हाय?" बाबांनी विचारलं.

तिनं पात्यावरून बोट फिरवलं. मुठीवरून फिरवलं. बोटाचा वास घेतला.

"न्हाई."

"हाय."

"कुटं?"

"जितं तुजं बोट पोचत न्हाई तितं."

मग बाबांनी बाभळीचा एक लांब काटा घेतला. तिच्या नव्या चाकूचं पातं जिथं खिळ्याभोवती फिरतं, त्या सांध्यात तो घातला आणि हळूच ओढला. काट्याबरोबर काळी मळी बाहेर आली. पुन्हा ओढला, पुन्हा आली. चीक, पाडव्यापासूनची धूळ आणि वाळून चिकट झालेलं करडईचं तेल, असं सगळं एकजीव झालेलं. करडईचं तेल वाळलं की कसं धरून बसतं, हे घरची कढई घासणाऱ्या बाईला सांगायला नको.

"वरनं एवडा चकचकीत..." राजाक्का पुटपुटली.

"वरनं," बाबा म्हणाले.

"बाबा, मला पयल्यापासनं शिकवा. कलम कसं बांधायचं ते परत शिकवा."

"न्हाई."

"मग मी काय करू?"

"उरलेल्या काड्या तयार व्हायाला आठ दिस हायत न्हवं?"

"हायत."

"चाकू पूस."

आठ दिवस चाकू पुसायचा. राजाक्काला वाटलं, हे काम आपण उभ्याउभ्या करू. तिनं फडकं घेतलं, पातं पुसलं, मूठ पुसली, सांध्यावरून दोनदा हात फिरवला आणि चाकू बाबांपुढं ठेवला.

बाबांनी काकडी तोडली.

तेलकट.

दुसऱ्या दिवशी ती कंबर कसूनच आली. कंदिलातलं रॉकेल बशीत ओतलं. चाकू त्यात बुडवला. काट्यानं सांधा कोरला, दोरा घालून ओढला, राखेनं घासला, रिठ्याच्या फेसात धुतला, उकळतं पाणी ओतलं, पुन्हा धुतला. मग चुलीच्या वैलावर वाळत ठेवला. दुपार झाली. हात काळे, तोंड लाल. पण काम झोकात झालं होतं, आणि ते झोकात झालंय हे तिच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं.

या वेळी काकडी तिनं स्वतःच तोडली, कापली आणि खाल्ली.

"बगा. तेलाचं नाव न्हाई."

"छान," बाबा म्हणाले. "मीट."

"काय?"

"चाकू. मीट की."

ती मिटायला गेली. पातं करकरलं आणि निम्म्यात अडकलं. तिनं जोर लावला. मिटेना.

"बरं, मग उघड."

उघडेना.

बाबा हसायला लागले. आधी दाढीत, मग पोट धरून. हसताहसता ठसका लागला, तरी थांबेनात.

"काल लगनाचं जेवान, आज निर्जळी उपास. पोरी, तुमच्यात रोजची भाजीभाकरी म्हनून कायतरी असती का न्हाई?"

राजाक्का रागानं लाल झाली. हातात तो ना उघडा ना मिटलेला चाकू. तिनं एकदा त्याच्याकडं बघितलं, एकदा बाबांकडं. मग तिलाही हसू आवरेना. दोघं हसताहेत म्हणून शेळ्या ओरडायला लागल्या. ओढ्यावर धुणं धुणाऱ्या बायका म्हणाल्या, फकीरबाबांच्यात आज काय चाललंय?

तिसऱ्या दिवशी बाबांनी दाढीला लावायची खोबरेलाची बाटली पुढं ठेवली.

"काटा बुडव. टोकाला जेवडं ऱ्हाईल तेवडंच."

तिनं काटा बुडवला. टोकाला मोहरीएवढा थेंब राहिला.

"एवड्यानं काय व्हनार, बाबा?"

"मला काय इचारतीस? त्येला इचार."

तिनं काटा सांध्याला टेकवला. थेंब खिळ्यापाशी क्षणभर बसून राहिला... आणि आत गेला. दिसेना.

"आता उघड, मीट, पूस."

"किती येळा?"

"फडकं सांगंल."

तिनं उघडला, मिटला, पुसला. फडक्यावर काळी रेघ उठली. उघडला, मिटला, पुसला. रेघ करडी झाली. चाकू आपला आपणच आतलं नको असलेलं बाहेर काढून देत होता, आणि तिचं काम फक्त ते पुसून घ्यायचं होतं. रेघ फिकट झाली. मग नुसती ओल उठायला लागली. मग काहीच उठेना.

काकडी.

"कशी हाय?"

"जराशी येती अजून."

पुन्हा उघड, मीट, पूस.

काकडी.

"आता न्हाई... न्हाई, हाय. गिळताना हाय."

पुन्हा.

गावातले लोक हे सांगताना अकरा काकड्या म्हणतात. राजाक्का सहा म्हणते. बाबांना विचारलं तर म्हणायचे, मी मोजत न्हवतो, पर रातच्याला तिनं भाकरी खाल्ली नसंल एवडं नक्की.

अकरावी म्हणा, सहावी म्हणा, ती फोड राजाक्कानं तोंडात घातली आणि डोळे मिटले. चावली. थांबली. पुन्हा चावली.

"बाबा."

"बोल."

"काकडी लागती."

"आनि?"

"आनि काय न्हाई. नुसती काकडी."

हे म्हणताना तिला इतका आनंद झाला की तिचं तिलाच नवल वाटलं. आयुष्यभर काकडी खाल्ली होती. पण नुसत्या काकडीला एवढी चव असते, याची तिनं कधी दखलच घेतली नव्हती. तिनं चाकू उघडला. पातं अडलं नाही, उडालं नाही. मधे थांबवलं तिथं थांबलं.

"बाबा, मग त्यो थेंब हाय कुटं?"

बाबांचं तोंड काकडीनं भरलेलं होतं.

आठव्या दिवशी ती माहेराहून थेट तकियावर आली. केळीच्या ओल्या सोपटात गुंडाळलेल्या तीन काड्या. फांदीवर आता काही उरलं नव्हतं. तिनं काड्या बाबांपुढं ठेवल्या, तीन रोपं ठेवली, आणि वर आपला चाकू ठेवला.

"तुमीच बांधा."

बाबांनी उजवा हात पुढं केला. तो थरथरत होता. दोघंही त्या हाताकडं बघत राहिले.

"ह्यो हात?"

"मग माजा हात धरा, म्हंजे मी बांधते."

"म्हंजे तुजाबी थरथरंल."

एवढं बोलून बाबा उठले, तिच्याकडं पाठ केली आणि शेळीची धार काढायला बसले.

राजाक्काला त्या क्षणी बाबांचा भारी राग आला. तीन काड्या, आईची शेवटची खूण, आणि हा माणूस शेळीजवळ जाऊन बसतो. पण काड्या वाट बघत नसतात. तिनं पहिलं रोप मांड्यांत धरलं.

शेंडा छाटला. मधोमध उभी चीर दिली. काडीला दोन्ही बाजूंनी एकेक काप देऊन पाचर केली. एकाच ओढीत, परत हात न फिरवता. पाचर चिरेत बसली. पट्टी आवळली.

दुसरं रोप. शेंडा, चीर, दोन काप, पट्टी.

तोवर पात्याला चीक लागला होता. तिसऱ्यासाठी चाकू मिटून उघडला तर सांधा जरा धरल्यासारखा वाटला. जरासाच. खोबरेलाची बाटली हाताशीच होती, बाबांनी ती तिथून हलवली नव्हती. राजाक्काचा हात आपला आपणच बाटलीकडं गेला. बूच निघालं.

शेळीच्या धारेचा भांड्यात पडणारा आवाज तेवढा येत होता.

तिनं बूच परत बसवलं. पातं ओल्या फडक्यानं पुसलं. कोरड्यानं पुसलं. सांध्यापाशी फडक्याचं टोक फिरवलं, चाकू दोनदा सावकाश उघडला, मिटला, आणि तिसरी काडी हातात घेतली.

"झालं?" बाबांनी पाठमोऱ्यानंच विचारलं.

"झालं."

"काकडी खानार?"

"नगं बाबा. आता जल्मात नगं."

त्यानंतरचे दिवस तिनं कसे काढले ते तिच्या घरच्यांना विचारावं. भाजीत मीठ दोनदा पडत होतं, नाहीतर पडतच नव्हतं. रोज सकाळी उठून ती तिन्ही रोपांपुढं उकिडवी बसायची. हात लावायची नाही. हात पाठीमागं धरून बसायची, आणि काड्या अजून हिरव्या आहेत एवढं बघून उठायची.

सतराव्या दिवशी ती ओढ्यावरच्या दगडांवरून आली नाही, सरळ पाण्यातूनच आली. गुडघ्यापर्यंत लुगडं भिजलेलं, चप्पल पलीकडच्या काठावर राहिलेली, कडेवर कुंडी.

"बाबा," एवढंच ती म्हणाली.

तिनं कुंडी खाली ठेवली. काडीच्या शेंड्याला दोन पानं फुटली होती. तांबडी, ओलसर, उंदराच्या कानाएवढी.

बाबा वाकले. बराच वेळ वाकून बघत राहिले. त्यांचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते पुसले नाहीत.

"तिनी?"

"दोन फुटली. तिसऱ्याचा डोळा फुगलाय, पर अजून उघडला न्हाई."

"आळशी असंल. येईल सवडीनं."

मग दोघंही नुसते त्या दोन पानांकडं बघून हसत बसले. राजाक्काला वाटलं, आई असती तर तीही अशीच बसली असती.

"ह्ये तुमच्या दारात लावनार हाय मी," ती म्हणाली.

"शेळ्या खातील."

"काट्याचं कुंपन घालते."

"मग लाव." बाबांनी कबरीच्या उजवीकडची जागा दाखवली. "फळ कवा धरंल?"

"पाच वर्सांनी."

"पाच." बाबांनी मनाशी बेरीज केली. "म्हंजे तवा मी अठ्ठ्याऐंशीचा."

आंब्याला किती वर्षं लागतात हे राजाक्का रोज लोकांना सांगत होती, पण बाबांना किती उरलीत याचा विचार तिनं कधी केला नव्हता. तिनं त्यांच्याकडं बघितलं. दोन्ही हात मांडीवर होते आणि दोन्ही थरथरत होते.

ती घाईघाईनं पुढं सरकली.

"बाबा, मी तुमाला आत्ताच सांगून ठेवते त्येची चव. आदी खोबऱ्यावानी लागतो, आनि मग गिळताना..."

बाबांनी दोन्ही हात कानांवर ठेवले.

"सांगू नगं. मी खाऊन बगनार हाय."